वाशीत भाड्याने मिळणारा पाणबुडी-गस्तीचा बोर्ड गेम : घ्यावा, पण एक नियम बदलून

वाशी स्टेशनजवळ बोर्ड गेम भाड्याने देणारं एक छोटं दुकान आहे. भाच्याने तिथून हा खेळ उचलला, कारण खोक्यावर पाणबुडी होती आणि त्याचे मामा, म्हणजे आमचे हे, नोकरीभर पाणबुडीवर होते. ह्यांची डिझेलवर चालणारी, खेळातली अणुशक्तीवरची. तरी आम्ही नेव्हीनगरात काढलेली वर्षं आठवतील इतकं खरं या खोक्यात आहे.

एका काल्पनिक बेट-देशाचं नौदल. त्याच्याकडे क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्या तीनच. एक खेळाडू गस्त घालतो, बाकीचे शोधतात. सत्तर दिवसांची गस्त, दर खेपेला एक आठवडा सरतो. गस्तवाल्याने सापडायचं नाही, एवढंच. शत्रूने पहिला घाव घालून सगळं बेचिराख केलं तरी समुद्रात कुठेतरी एक बोट शिल्लक आहे आणि ती उत्तर देईल, ही खात्री त्याला राहिली पाहिजे. सगळा धाक त्यावर उभा. क्षेपणास्त्र सोडण्याचं कार्ड निघालं तर खेळ तिथेच थांबतो आणि दोन्ही बाजू हरतात. भाच्याचे मित्र यावर कुरकुरले. मला हा नियम अतिशय आवडला.

तीन पाणबुड्या का पुरत नाहीत, हे दुसऱ्याच डावात कळतं. एक गस्तीवर, एक गोदीत दुरुस्तीला, एक सरावात. गोदीतलं काम लांबलं की समुद्र रिकामा. ब्रिटनने 1969 पासून एक तरी बोट सतत पाण्याखाली ठेवली आहे, आणि त्यासाठी ते चार बाळगतात. आपल्या अरिहंत या अण्वस्त्रधारी पाणबुडीने पहिली गस्त पूर्ण केल्याचं 2018 च्या नोव्हेंबरात जाहीर झालं, तेव्हा आपल्याकडे ती एकटीच होती. ह्यांनी तेव्हा पेपर खाली ठेवून “अजून हव्यात” एवढंच म्हटलं होतं. त्याचा अर्थ मला पटावर सोंगट्या हलवताना लागला.

पटाच्या कडेला खोलीची पट्टी आहे. वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी यांच्या सीमेवर आवाज वाकतो, म्हणून बोट सीमेखाली गेली की वरच्या जहाजाच्या सोनारला, म्हणजे आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राला, ती सहसा ऐकू येत नाही. पण किनाऱ्याचा संदेश घ्यायचा तर वेग कमी करून अँटेनाची लांब तार पृष्ठभागाजवळ सोडावी लागते, कारण अगदी कमी कंप्रसंख्येच्या रेडिओलहरीसुद्धा पाण्यात थोड्याच मीटरपर्यंत उतरतात. लपायचं की ऐकायचं, ही ओढाताण दर आठवड्याला. बोटीने उलट संदेश पाठवायचाच नाही. हवा आणि गोडं पाणी अणुभट्टीच्या विजेवर समुद्राच्याच पाण्यातून होतं, त्यामुळे मोजून वापरायचं ते शिधा-कार्ड. ह्यांच्या बोटीला बॅटरी चार्ज करायला स्नॉर्कल, म्हणजे हवा घेणारी नळी, पाण्यावर काढावा लागायचा. भाच्याने विचारलं, “मामा, मग यांना बरंच की?” हे म्हणाले, “अरे, वर यायचं कारणच नाही म्हणजे घर किती लांब, बघ.”

सगळ्यात जड घरच्या निरोपाची कार्डं. मोजक्या शब्दांचा निरोप येतो, तोही एकतर्फी. वाईट बातमी आली तर कप्तानाने ती गस्त संपेपर्यंत स्वतःकडेच ठेवायची. ब्रिटिश पाणबुड्यांवर खरोखर असंच चालत आलं आहे. ‘वडील गेले’ हे कार्ड माझ्या हाती आलं आणि समोरचा पोरगा आपला शिधा मोजत बसला होता. मी ते उपडं ठेवलं आणि उरलेला डाव मला नीट खेळता आला नाही. ह्यांच्या सफरीत घरात काय काय घडलं आणि ते मी त्यांना परतल्यावर कोणत्या क्रमाने सांगितलं, ते माझं मला माहीत.

टक्कर-कार्ड कुणाला अतिरंजित वाटेल. फेब्रुवारी 2009 मध्ये अटलांटिकमध्ये ब्रिटनची व्हॅनगार्ड आणि फ्रान्सची ल त्रिओंफां या दोन मित्रदेशांच्याच अण्वस्त्रधारी बोटी पाण्याखाली एकमेकींवर घासल्या. दोघी इतक्या मुकाट चालल्या होत्या.

चूक एकच, पण मोठी. पाठलाग करणाऱ्याला टॉर्पेडो मारून बुडवलं की गस्तवाल्याला गुण मिळतात. मुलं मग शिकारीलाच निघतात. टॉर्पेडो सोडला की जागा कळली, म्हणजे गस्त फसली. अशा बोटीने चाहूल लागताच दूर सरकायचं असतं. आम्ही ते गुण काढून टाकले आणि न सापडता काढलेल्या प्रत्येक आठवड्याला एक गुण ठेवला. खेळ लगेच ताणला गेला. तुम्हीही तसंच करा.

नियमपुस्तिका इंग्रजीत आहे आणि अक्षर फार बारीक. दुकानातला मुलगा मात्र समोर बसून मराठीत समजावतो, घाई करत नाही. शनिवारी नेलेला खेळ सोमवारी संध्याकाळपर्यंत ठेवू देतात, डिपॉझिट पूर्ण परत मिळतं. बारा वर्षांखालच्या मुलांना निरोपाची कार्डं वगळून द्या. नेण्याआधी खोका उघडून शिधा-कार्डं मोजून घ्या, आमच्यात दोन कमी होती.