रानात बकरी बसवून केलेला कांदा

आमच्या हातकणंगले भागात मेंढरांनाच बकरी म्हणतात. सोयाबीन निघून रान मोकळं झालं की धनगर बकरी बसवायचं, म्हणजे खतासाठी कळप रात्रीचा रानात कोंडायचं, विचारत बांधावर येतात. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, बकरी बसल्याशिवाय कांद्याचं तरू, म्हणजे रोप, लावू देत नसत. मधली सहा-सात वर्षं आम्ही ते सोडलं आणि नुसत्या पोत्यातल्या खतावर कांदा काढला. गेल्या रब्बीत वीस गुंठ्यांसाठी पुन्हा बसवली. कुणाच्या मनात असेल तर खुशाल बसवा, पण दोन गोष्टी आधी बोलून घ्या.

पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची जत्रा झाल्यावर कळप आमच्या शिवारात आला. चारशे बकरी. रात्रीला बाराशे रुपये आणि पायलीभर जोंधळे ठरले. जाळीची वाघर लावून चार गुंठ्यांत बकरी कोंडायची, दुसऱ्या रात्री वाघर पुढं सरकवायची. अशा चार रात्रींत सोळा गुंठे. उरलेले चार गुंठे मी मुद्दाम तसेच ठेवले, फरक डोळ्यांनी बघायला.

ट्रॉलीतून आणलेल्या खतात लेंडी येते, मूत येत नाही. बकरी बसली की दोन्ही जागेवरच मुरतं, आणि नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा, मोठा वाटा मुतातच असतो. पहिल्याच सकाळी धनगरमामा बजावून गेले, "वैनी, वाळायच्या आत कुळव घाला. वाळलं की कस उडून जातो." उग्र वास येतो तो अमोनियाच, म्हणजे नत्रच हवेत चाललेलं असतं. आम्ही रोज दुपारच्या आत कुळव फिरवला.

आता खताचं. लेंडीवर सगळं भागेल असं मला वाटत नव्हतं. कांद्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, आणि लावणीपासून दोन महिन्यांत त्याला लगेच मिळणारं नत्र लागतं. लेंडीतलं नत्र सावकाश सुटतं, त्यात डिसेंबरच्या थंडीत आणखी सावकाश. शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश अशी आहे. वीस गुंठ्यांना त्याचा पाचवा हिस्सा. लावणीला 10:26:26 हे मिश्रखत चाळीस किलो आणि दाणेदार गंधक दहा किलो टाकलं. एरवी पस्तीस किलो युरिया लागला असता. बकरी बसलेल्या रानात मी तो निम्म्यावर आणला, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी दोन हप्त्यांत दिला, आणि मग हात आखडला. साठ दिवसांनंतर युरिया दिला की मान जाड होते आणि कांदा टिकत नाही, हे आम्ही मागं भोगलंय. बकरी बसलेल्यांपैकी दोन गुंठ्यांत पोत्यातलं काहीच टाकलं नाही.

एप्रिलला काढणी झाली. नुसत्या लेंडीच्या दोन गुंठ्यांत पात जानेवारीतच फिकी पडली होती, कांदा लिंबाएवढाच राहिला. नुसत्या रासायनिक खताच्या चार गुंठ्यांत कांदा मोठा भरला, वजनाला जवळजवळ लेंडी आणि खत दोन्ही असलेल्या मिसळीच्या रानाएवढाच. शेतात बघणाऱ्याला फरक कळला नसता. तो कळला आषाढात. आमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा तुम्हाला माहीत आहे. माडीवर दोन वेगळे ढीग पसरले होते. रासायनिकच्या ढिगातून दर आठवड्याला पाटीभर सडका कांदा निघायचा, मिसळीच्या ढिगात बोटावर मोजण्याएवढा. गंधक दोन्हीकडं सारखंच होतं, त्यामुळं तिखटपणात फरक नाही. आत्तींनी कांदा-लसूण चटणीला मात्र मिसळीचाच घेतला. परतताना पाणी कमी सुटतं म्हणाल्या.

आता तक्रार. तिसऱ्या रात्री अवकाळी सर आली, चिखलात वाघर हलवली नाही, बकरी आदल्याच जागी बसली. त्या तुकड्यात पात कमरेला लागायची बाकी राहिली होती, मान अंगठ्याएवढी जाड आणि निम्मा माल जोडकांदा. तो आधी विकून टाकावा लागला. मामांनी सोळापैकी राहिलेल्या चार गुंठ्यांसाठी पाचवी रात्र बसवली आणि तिचे पैसे घेतले नाहीत, हा त्यांचा सरळपणा. दुसरं तणाचं. बकरी गवताचं बी आणि बाभळीच्या शेंगा खाऊन आलेली असतात. वाफ्यात बाभळीची रोपं उगवली, आणि एक खुरपण जादा लागलं. चार बायकांची दोन दिवसांची मजुरी खर्चात धराच.

यंदासाठी मामांना इसार दिलाय. वाघर रोज हलली पाहिजे, आणि पाऊस आला तर बकरी त्या रात्री बांधापलीकडच्या पडीक रानात बसवायची, असं ठरलंय. पडीक रानातल्या त्या रात्रीचेही पैसे मी देणार आहे.