मुलांना घेऊन मुंबई फिरणं: गेम झोन सोडून राणीबाग, सायन्स सेंटर आणि नॅशनल पार्क, काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेला पावसाळा संपला तेव्हापासून आम्ही सुट्टीच्या दिवशी मॉलमधल्या गेम झोनला जाणं बंद केलं आणि लोकलने मुंबईतली जुनी, सरकारी नाहीतर पालिकेची ठिकाणं फिरायला सुरुवात केली. आम्ही डोंबिवलीचे, मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार, आणि बऱ्याचदा सोबत सासूबाई. आता इतके महिने झाल्यावर काय जमतं आणि काय नाही ते नीट सांगता येईल असं वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय, कारण नेटवर शोधलं की याद्या भरपूर मिळतात पण तिथे सावली आहे का, टॉयलेट बरं आहे का, चार वर्षांचं मूल किती वेळ टिकेल हे कोणी लिहीत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. नवीन नवीन ठिकाणं शोधत बसू नका, दोन-तीन ठिकाणं पकडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. पहिल्यांदा मूल नुसतं भिरभिरतं, सगळं बघतं आणि काहीच बघत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते गेटमधून आत शिरल्या शिरल्या आपल्या आवडीच्या जागेकडे धावतं आणि मग तिथे अर्धा-पाऊण तास रमतं, प्रश्न विचारतं, आधी बघितलेलं आठवून सांगतं. आणि हे परवडतं कारण या ठिकाणांचं तिकीट कमी आहे. याचा पैशांपेक्षा मोठा फायदा असा की मूल कंटाळलं तर दोन तासांत उठून घरी येता येतं, जीव हळहळत नाही. आम्ही ज्या गेम झोनला जायचो तिथे तासाचे पैसे, प्रत्येक मुलाचे वेगळे, वर त्यांचे मोजे विकत घ्यायचे, सोबतच्या मोठ्या माणसाचेही पैसे. मग एवढे भरलेत तर खेळू दे अजून, असं करत करत पोरं दमून रडकुंडीला येईपर्यंत आपण थांबतो आणि येताना सगळ्यांचीच चिडचिड. हे आमच्याकडे दर वेळी व्हायचं, आता होत नाही.

राणीबागेपासून सुरू करते. म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, भायखळा. १८६२ सालची बाग आहे, त्यामुळे झाडं प्रचंड मोठी, आणि मुलांबरोबर फिरताना या सावलीची किंमत कळते, ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा आत बरं वाटतं. आई-वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये तिकीट. बुधवारी बंद. सकाळी साडेनऊला उघडतं, तेव्हाच पोहोचा, आणि थेट पेंग्विनकडे जा कारण रविवारी अकरानंतर तिथली रांग बघूनच मुलं रडायला लागतात. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, २०१६ मध्ये सोलवरून आठ आणले होते, नंतर इथेच त्यांना पिल्लंही झाली. मुलीला वाटायचं पेंग्विन म्हणजे बर्फ, पण हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फ लागतच नाही, १६ ते १८ डिग्री तापमान ठेवतात. हे तिने शाळेत जाऊन सांगितलं आणि बाईंनी वर्गात पुन्हा सगळ्यांना समजावून सांगितलं याचा तिला फार अभिमान आहे. धाकट्याचा वेगळाच खेळ चालतो, तो काचेवर बोट टेकवून हळूहळू सरकवतो आणि पाण्यातला एखादा पेंग्विन त्या बोटामागे वळतो, की हा दुसऱ्या टोकाला पळतो, पुन्हा तेच. मागे रांग असते म्हणून फार वेळ उभं राहू देत नाहीत हे बरोबरच आहे, पण गर्दी नसेल त्या दिवशी या एका काचेसाठी सुद्धा भायखळ्याला जावं असं मला वाटतं.

पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे ज्यात आपणच आत चालत जातो आणि पक्षी डोक्यावरून उडतात, तो सासूबाईंचा लाडका. वाघासाठी मोठी काच आहे पण वाघ दिसेलच असं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर हिरमोड होतो.

इथेच शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा, म्हणजे एलिफंटा बेटावरचा. १८६४ मध्ये ब्रिटिश तो इंग्लंडला न्यायला निघाले होते, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले, मग ते तुकडे मुंबईत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. जोडाच्या रेघा अजून दिसतात, मुलीने सांधे शोधत त्याला पूर्ण फेरी मारली. फोर्टजवळच्या काळा घोडा भागाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो मूळ पुतळासुद्धा राणीबागेतच आहे, हे मला मोठेपणी कळलं, तिला आठव्या वर्षी माहितीय. पुढे आम्ही घारापुरीला गेलो तेव्हा जेट्टीवर उतरताच तिने विचारलं, हत्ती कुठे उभा होता? कोणी न सांगता तिने दोन ठिकाणं जोडली. पुन्हा पुन्हा जायचं म्हणते ते यासाठी.

घारापुरीबद्दल मात्र स्पष्ट सांगते, सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर इतक्यात नको. गेटवेवरून बोटीने जायला साधारण तास, यायला तेवढाच, वर शंभराच्या वर पायऱ्या, आणि माकडं हातातलं खाणं हिसकावतात. धाकटा अर्ध्या पायऱ्यांवर बसला आणि तिथून नवऱ्याने त्याला खांद्यावर नेला. मोठीला मात्र बोटच इतकी आवडली की लेणी नसती तरी चाललं असतं. मुलांना लाइफ जॅकेट घालायचंच, बोटीत बसल्या बसल्या मागून घ्या. सोमवारी बंद असतं.

आता नेहरू सायन्स सेंटर, वरळी. माझ्या मते मुंबईत मुलांसाठी याहून चांगली जागा नाही आणि हे मी पूर्ण विचार करून लिहितेय. आतली मुख्य इमारत १९८५ ची, पण बाहेरचं सायन्स पार्क त्याच्याही आधीचं, १९७९ चं, आंतरराष्ट्रीय बालवर्षाचं. काही वस्तू जुन्या झाल्यात, एखादं बटण दाबलं तर चालत नाही, आतल्या काही माहितीच्या पाट्या मुलांना वाचायला कंटाळवाण्या आहेत. तरीही, कारण इथे हात लावू नका असं कोणी म्हणत नाही. दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायच्या कप्प्या आहेत, जुनं वाफेचं इंजिन आहे, ट्राम आहे, मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान उभं आहे. आणि त्या दोन मोठ्या तबकड्या. एकमेकींकडे तोंड करून लांब लांब ठेवल्यात, एकीजवळ तोंड नेऊन कुजबुजलं की दुसरीकडे कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. सासूबाई एकीकडे आणि मुलगी दुसरीकडे उभी होती, मध्ये इतर मुलांचा नुसता गोंगाट, आणि आजीने अगदी हळू विचारलं, "भूक लागली का गं?" तिकडून मुलगी ओरडली, "हो, थालीपीठ दे!" सासूबाईंना स्वतःलाच खरं वाटेना, मग त्या दोघींनी जागा बदलून परत करून बघितलं. मग आवाज तबकडीवर आपटून कसा गोळा होतो ते नवऱ्याने घरी दोन वाट्या घेऊन समजावलं. हे कुठल्या गेम झोनमध्ये मिळणार सांगा.

इथे जाणं आता सोपं झालंय. आधी दादरला गाडी बदलून महालक्ष्मी आणि मग टॅक्सी असं करायचो, पण ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि तिला सायन्स सेंटर नावाचं स्टेशनच आहे. दादर पश्चिमेच्या गर्दीतून मेट्रोपर्यंत मुलांना घेऊन चालायला लागतं तेवढंच. धाकट्यासाठी जमिनीखालची मेट्रो हाच अर्धा कार्यक्रम असतो. सकाळी दहाला उघडतं, आणि पावसाळ्यात, मे महिन्यात सुद्धा आतल्या दालनांमुळे दिवस निभावतो.

बोरीवलीचं नॅशनल पार्क थंडीत. जवळजवळ १०४ चौरस किलोमीटर जंगल शहराच्या मधोमध, बिबटे असलेलं, यावर मुलांचा विश्वासच बसत नाही. आपल्या मध्य रेल्वेवाल्यांसाठी एक रस्ता सांगते जो आम्हाला फार सोयीचा पडला. घाटकोपरला उतरा, मेट्रो १ ने पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशन, तिथून पुलावरूनच गुंदवलीला जाता येतं, आणि मेट्रो ७ ने राष्ट्रीय उद्यान. बाहेर पडलं की गेट जवळच. आत कान्हेरीपर्यंत बस जाते, लहान मुलं असतील तर चालत जायचा विचार करू नका. १०९ लेणी आहेत, त्यातली चार-पाच बघा, पुरे. आमच्या मुलांना मूर्तींपेक्षा पाण्याची सोय आवडली, भिक्षूंनी खडकात कोरलेल्या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आणि पावसाचं पाणी त्यात यावं म्हणून कातळात कोरलेल्या बारीक पन्हळी. मुलीने बाटलीतलं पाणी एका पन्हळीत वरून ओतलं आणि ते कुठवर जातं त्याच्या मागे मागे गेली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. सोमवारी सगळं बंद. भर पावसात कातळ निसरडा होतो, लहान मुलांना नेऊ नका.

बाकीची थोडक्यात. फोर्टचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मोठीला आवडलं, अकबराचं चिलखत आणि पेंढा भरलेले प्राणी, धाकट्याला तासाभरात पुरे झालं, मुलांसाठी वेगळं म्युझियम आहे ते त्याला बरं वाटलं. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंतची ११५ नंबरची एसी डबलडेकर मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. मलबार हिलचा तो झाडांमधून जाणारा लाकडी मार्ग, मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला, ४८५ मीटरच आहे, २५ रुपये तिकीट, पण स्लॉट आधी ऑनलाइन घ्यावा लागतो आणि सुट्टीचे स्लॉट लवकर संपतात. सोबत कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट जोडून करा, त्याशिवाय खास एवढ्यासाठी डोंबिवलीहून जाण्याइतकं नाही.

आता रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ काही तास बंद ठेवतात तो. मध्य रेल्वेवर साधारण अकरा ते चार, म्हणजे नेमकं मुलं दमून परत यायच्या वेळी. फास्ट गाड्या स्लो ट्रॅकवर, पंधरा-वीस मिनिटं उशीर, आणि गर्दी अशी की झोपलेलं मूल घेऊन उभं राहायलाही जागा नाही. रविवारचा ब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघूनच ठिकाण ठरवा. आम्ही आता शक्यतो दुसरा-चौथा शनिवार पकडतो कारण नवऱ्याला बँकेत तेव्हा सुट्टी असते, आणि ज्यांना जमेल त्यांनी शनिवारच पकडावा, ठिकाणंही निम्मी रिकामी असतात. सकाळी सातच्या आसपासची गाडी, दुपारी दोनच्या आत परतीचा प्रवास सुरू. दिवसभर फिरायचा हट्ट चार वर्षांच्या मुलाबरोबर करूच नये. पाचच्या आतल्या मुलाला लोकलचं तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं.

टॉयलेटबाबत माझा अनुभव असा की सायन्स सेंटर आणि म्युझियमचं चांगलं, राणीबागेत सकाळी ठीक पण दुपारनंतर गर्दीत बिघडतं, नॅशनल पार्कमध्ये गेटजवळच जाऊन घ्या, वर कान्हेरीच्या भरवशावर राहू नका. बॅगेत धाकट्याची जादा पँट, ओला नॅपकिन, जुनी चादर, आणि पाणी स्टीलच्या बाटल्यांमध्ये, कारण प्लास्टिकला बऱ्याच ठिकाणी गेटवर अडवतात. खायला थालीपीठ, दशम्या, केळी, चिक्की. चिप्स-वेफर्स नेले की पाणी पाणी होतं आणि मग पुन्हा टॉयलेट शोधा.

ज्यांच्याकडे वर्ष-दीड वर्षाचं बाळ आहे त्यांनी स्ट्रोलर नेऊ नये. स्टेशनचे जिने, फुटपाथ आणि लोकलचा दरवाजा, तिन्हीकडे तो हातात उचलूनच न्यावा लागतो. माझ्या नणंदेने कापडी कॅरियरमध्ये बाळ घेऊन राणीबाग आणि सायन्स सेंटर दोन्ही आरामात केली. आजी-आजोबा सोबत असतील तर नॅशनल पार्कऐवजी राणीबागच बरी, बसायला बाकं भरपूर आहेत आणि रस्ता सपाट आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात तरी त्या तिथे पूर्ण फेरी मारतात.