चार शाळा की चाळीस? सीमाभागातल्या शैक्षणिक पाहणीसाठी नमुना निवडताना

एम.एड.चा प्रबंध असो, पीएच.डी. असो की एखाद्या मंडळाने हाती घेतलेली मराठी शाळांची पाहणी असो, बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: नमुना किती घेऊ? उत्तरही ठरलेलं, ३८४. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात समष्टी (ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा ते सगळे) लाखाच्या घरात गेली की हाच आकडा येतो, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा नमुन्याचा आकडा खऱ्यापासून ५ टक्क्यांच्या आत पडेल अशा बेताने. आकड्यात काही खोट नाही. पण प्रत्येक मूल स्वतंत्र चिठ्ठीने निवडलं असेल, तरच तो लागू पडतो. तसं कोण करतं? ओळखीच्या चार शाळा गाठायच्या, वर्गच्या वर्ग चाचणीला बसवायचे आणि प्रबंधात ‘नमुना : ३८४’ लिहून मोकळं व्हायचं. म्हणून ‘किती’ राहू दे बाजूला, आधी ‘कसा’ ते ठरवू.

शाळेचं दार की घराचं दार

‘सीमाभागातली मराठी मुलं’ आणि ‘मराठी माध्यमाच्या शाळेतली मुलं’ या दोन वेगळ्या समष्टी आहेत. बेळगाव शहरात घरी मराठी बोलणारी कितीतरी मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. काही कन्नड माध्यमातही आहेत. तुमचा प्रश्न भाषेचा, घरचा, शाळा सोडलेल्यांचा असेल तर शाळेत जाऊन भागणार नाही, घरोघरीच जावं लागेल. ‘असर’ ही ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशव्यापी पाहणी २००५ पासून अशीच घरोघरी चालते: आता दर ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. त्या दिवशी शाळेला दांडी मारलेलं मूलही त्यात सापडतं. चिक्कोडी-अथणीकडे ऊसतोडीच्या हंगामात आलेल्या टोळ्यांची मुलं कुठल्याच हजेरीपटावर नसतात, ती सापडली तर अशीच सापडतील.

मात्र घरोघरी फिरायला माणसं लागतात. चार-सहा महिन्यांत एकट्याने काम उरकायचं असेल आणि प्रश्न वर्गातल्या शिकण्याचा असेल, तर शाळेचंच दार बरं. फक्त शीर्षकात ‘सीमाभागातील मराठी विद्यार्थी’ असं मोघम लिहू नका. ‘बेळगाव जिल्ह्यातील सरकारी मराठी शाळांतील सहावीचे विद्यार्थी’ असं नेमकं लिहा. तोंडी परीक्षेतले निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

सोयीचा नमुना

ओळखीचे गुरुजी, जवळची शाळा, व्हॉट्सॲपवर फिरवलेला फॉर्म. प्रश्नावली लोकांना कळते का, चाचणीला किती वेळ लागतो, हे आजमावायला उत्तम. त्यापुढे जाऊन टक्केवारी मांडायची म्हटली की घोटाळा होतो, आणि तो संख्या वाढवून निस्तरत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांवरून, शिवाय पत्रिका परत पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे निघाले. आपल्याकडे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फॉर्म टाकणं याच जातीचं आहे.

साधा यादृच्छिक आणि स्तरित

साध्या यादृच्छिक पद्धतीत सगळ्या मुलांची एक यादी करून त्यातून चिठ्ठ्या काढायच्या. कागदावर याहून स्वच्छ काही नाही. प्रत्यक्षात एक मूल कणकुंबीत, एक निपाणीत, एक कागवाडात, आणि पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात एका मुलाच्या चाचणीसाठी एक दिवस. एकाच मोठ्या शाळेत अभ्यास करायचा असेल तर ही पद्धत घ्या, जिल्ह्यासाठी विसरा.

स्तर पाडणं, म्हणजे जिल्ह्याचे सारख्या परिस्थितीचे गट आधीच करून घेणं, हा मात्र जवळजवळ फुकटचा फायदा आहे. खानापूरचा डोंगराळ भाग, बेळगाव शहर आणि भोवतालची गावं, निपाणी-चिक्कोडीचा ऊस-तंबाखूचा पट्टा: तिन्हीकडचं शिकणं सारखं नाही, हे कोणीही सांगेल. प्रत्येक स्तरातून वेगळी निवड केली की सगळा नमुना एकाच तालुक्यात जाऊन बसण्याची भीती राहत नाही. जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे असल्यामुळे शाळांच्या याद्या दोन्हीकडून मिळवाव्या लागतात, एवढं ध्यानात असू द्या. आणि प्रत्येक स्तरातून सारख्याच शाळा घेतल्या असतील, तर जिल्ह्याची सरासरी काढताना त्या त्या स्तराच्या पटाप्रमाणे भार द्यायला हवा. हा भार बहुतेक प्रबंधांत गाळलेला असतो.

गुच्छ नमुना: खरा निर्णय इथे आहे

आधी शाळा निवडायच्या, मग शाळेतली मुलं. आपल्यापैकी बहुतेक जण शेवटी हेच करणार, म्हणून जरा थांबू.

एका शाळेतली सहावीच्या उत्तरपत्रिकांची चळत घेऊन बसा. हातच्याच्या वजाबाकीत वीसपैकी पंधरा पोरांनी हातचा दिलेला अंक कमी करायचा विसरलाय, आणि पंधराही जणांनी अगदी एकाच तऱ्हेने. गुरुजी एक, फळा एक, तर चूकही एक. एकविसावा पेपर तपासून नवं काय कळणार? एका शाळेतली मुलं अशी एकमेकांसारखी असतात. हे सारखेपण मोजणाऱ्या आकड्याला अंतर्गत सहसंबंध म्हणतात. त्यामुळे नमुन्याची ताकद किती घटते ते काढायचं सूत्र सोपं आहे: एका शाळेतल्या मुलांची संख्या वजा १, गुणिले तो सहसंबंध, अधिक १.

सहसंबंध ०.२ धरू. शालेय चाचण्यांत एवढा सर्रास असतो. आता तीच ४०० मुलं वेगवेगळ्या तऱ्हेने वाटून बघा.

४ शाळा, प्रत्येकी १०० मुलं: घट २०.८ पट. चारशेची किंमत उरते जेमतेम १९ मुलांची. टक्केवारीतली त्रुटी दोन्ही बाजूंना २२ टक्के.

२० शाळा, प्रत्येकी २०: घट ४.८ पट, किंमत ८३ मुलांची, त्रुटी ११ टक्क्यांच्या आसपास.

४० शाळा, प्रत्येकी १०: घट २.८ पट, किंमत १४३ मुलांची, त्रुटी ८ टक्के.

चाचण्या तेवढ्याच, तपासणी तेवढीच, फरक फक्त फिरण्याचा. माझं मत सरळ आहे: शाळा वाढवा, शाळेतली मुलं कमी करा. चाळीस झेपत नसतील तर तीस घ्या, पण चारवर काम भागवू नका.

शाळा निवडताना आणखी एक अडचण येते. १२ पटाची शाळा आणि ३०० पटाची शाळा यांच्या सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या आणि दोन्हीकडून दहा-दहा मुलं घेतली, तर लहान शाळेतल्या मुलाला भलतीच जास्त संधी मिळते. उपाय म्हणजे पटाच्या प्रमाणात निवड. यादीत प्रत्येक शाळेपुढे पट लिहायचा आणि खाली बेरीज करत जायचं. समजा एकूण पट ३,००० झाला आणि शाळा ३० हव्यात, तर अंतर १००. १ ते १०० मधली एक चिठ्ठी काढली, ३७ आली. मग ३७, १३७, २३७ असे आकडे ज्या ज्या शाळेच्या बेरजेत पडतात ती ती शाळा निवडली. दहापेक्षा कमी पटाच्या शाळा यादीतल्या शेजारच्या शाळेला आधीच जोडून घ्यायच्या. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम.

शाळेच्या आतसुद्धा हजेरीपटावरूनच चिठ्ठ्या काढा. नाहीतर बाई कौतुकाने म्हणतातच, “ही आमची हुशार आहे, हिलाही घ्या की.” नाही म्हणवत नाही, पण म्हणावं लागतं. १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांवरून (शेतातला एक तुकडा कापून पिकाचा अंदाज बांधायचा) संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि मूळचे सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांच्यात मोठा वाद झाला होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. बाईंची हुशार पोरगी म्हणजे कडेवरचं रोप.

मराठी विरुद्ध कन्नड माध्यम

आपल्याकडचा लाडका विषय. एक मराठी शाळा, एक कन्नड शाळा, दोन्हीकडे साठ-साठ मुलं, टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासणारी), ‘सार्थक फरक आढळला’. फरक माध्यमाचा की त्या दोन शाळांचा? या रचनेतून ते कळायला वाटच नाही, कारण प्रत्येक बाजूला शाळा एकच आहे. दोन्हीकडे पंधरा-वीस शाळा नसतील तर हा विषय घेऊ नका, किंवा दोन शाळांचा व्यक्ती-अभ्यास म्हणून प्रामाणिकपणे मांडा. तोही चांगला होऊ शकतो.

शाळा पुरेशा असल्या तरी गणित करताना मुलं स्वतंत्र धरली, तर प्रमाणित त्रुटी (सरासरी नमुन्यागणिक किती हलेल याचा अंदाज) खोटी लहान निघते. वर २० शाळांच्या रचनेत घट ४.८ पट होती. तिचं वर्गमूळ सुमारे २.२. म्हणजे ऐटीत २.४ आलेला टी प्रत्यक्षात १.१ वर येतो आणि शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक, जागच्या जागी राहते. सोपी वाट हवी असेल तर प्रत्येक शाळेचं मध्यमान (सरासरी) काढा आणि शाळा हेच एकक धरून चाचणी लावा. आणि ०.०५ च्या खाली पी (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) आला म्हणून फरक मोठा ठरत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हेच बजावलं होतं. म्हणून गुणांतला फरक आणि त्याच्या विश्वासमर्यादाही (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो ते) लिहा.

आता राखीव शाळा. निवडलेल्या शाळेला त्या दिवशी सुट्टी निघते, कुठे शाळाच शेजारच्या शाळेत विलीन झालेली असते, कुठे मुख्याध्यापक बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचं पत्र मागतात. अशा वेळी रस्त्यात लागेल ती पुढची शाळा उचलली की निवडीची सगळी मेहनत वाया. प्रत्येक स्तरातून दोन-तीन राखीव शाळा मूळ निवडीबरोबरच चिठ्ठीने काढून, क्रम घालून ठेवा आणि त्याच क्रमाने वापरा. बदललेली शाळा आणि बदलायचं कारण प्रबंधात नोंदवा. परवानगीच्या अर्जात राखीव शाळांचीही नावं घाला, म्हणजे ऐनवेळी पुन्हा ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.