क्रँकची मापं घेण्याचा संच: आठ महिने वापरल्यानंतर

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरांचे क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरण्यात बदलणारा भाग) नव्याने बांधण्यासाठी मोजमापाचा जो संच घेतला होता, त्याचा हा अनुभव. संचात १५० मिमीचा डिजिटल व्हर्नियर, ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर, मॅग्नेटिक बेससह डायल गेज, व्ही-ब्लॉकची जोडी, टेलिस्कोपिक गेज आणि फीलर गेज एवढं होतं. मे ते डिसेंबर हे सगळं रोजच्या हाताळणीत होतं. कोल्हापूरचा अख्खा पावसाळाही त्यात आला. चेतक, प्रिया, सुपर, एलएमएल आणि विजय सुपर (ही लॅम्ब्रेटा घराण्यातली) या गाड्यांवर वापर झाला.

आधी एवढी खटपट का, ते सांगतो. दुकानात जाऊन ‘चेतकचा क्रँक द्या’ म्हटलं की डबा मिळतो, पण त्यातला माल आपल्या इंजिनात बसेलच असं नाही. बजाजचा पियाजिओ या व्हेस्पा बनवणाऱ्या कंपनीबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये चेतक आली, प्रिया साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनली, एलएमएल कानपूरहून आली. सगळी एकाच, व्हेस्पाच्या घराण्यातली. वरून इंजिनं सारखी दिसतात आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कोणाचं केसिंग कोणाच्या क्रँकला जोडलं गेलंय, याची नोंद आरसी बुकात नसते. त्यात दीडशेच्या लॅम्ब्रेटाचा पिस्टनही ५७ मिमीचा आणि दीडशेच्या बजाजचाही ५७ चाच. म्हणून गाडीचं नाव बाजूला ठेवून आधी मापं काढायची.

पहिलं माप इंजिन पूर्ण खोलायच्या आधीच घ्यायचं, ते स्ट्रोकचं. हेड काढा, पिस्टनच्या माथ्यावर मार्करने एक ठिपका द्या आणि व्हर्नियरच्या मागच्या दांडीने सिलिंडरच्या वरच्या कडेपासून त्या ठिपक्यापर्यंतची खोली पिस्टन अगदी वर असताना आणि अगदी खाली असताना मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. ठिपका एकच हवा, कारण माथा सपाट नसतो. तो गजन पिनेच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेवर घ्या, कारण झिजलेला पिस्टन डुलतो आणि कडेला माप चुकतं. ५७ आलं तर व्हेस्पा घराणं: ५७ बाय ५७, म्हणजे १४५.४५ सीसी. ५८ आलं तर लॅम्ब्रेटा: ५७ बाय ५८, १४८ सीसी. हा एक मिलिमीटरचा फरक व्हर्नियरने बिनचूक कळतो.

दुसरं माप पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या लांबीचं, दोन्ही भोकांच्या केंद्र ते केंद्र. व्हेस्पाच्या सव्वाशे-दीडशेत १०५ मिमी, व्हेस्पाच्याच दोनशेच्या पीएक्स मॉडेलमध्ये ११०, लॅम्ब्रेटात १०७. रॉड प्रेसमधून निघाला की व्हर्नियरचे वरचे, आतलं माप घेणारे जबडे दोन्ही भोकांत उतरवा आणि दूरच्या कडा ते दूरच्या कडा अंतर घ्या. त्यातून दोन्ही भोकांचे निम्मे व्यास वजा करा. उदाहरणार्थ १२८ आलं, छोटं भोक २० चं आणि मोठं २६ चं असेल, तर १२८ वजा १० वजा १३, म्हणजे १०५. खालच्या जबड्यांनी मधला दांडा धरून मोजू नका. त्यांचं तोंड सपाट, भोक गोल, त्यामुळे जबडा मधोमध टेकतच नाही. लांबी दोन मिलिमीटरने चुकली तर पिस्टन दोन मिलिमीटर वर जातो, हेडला लागतो किंवा लागायच्या बेतात राहतो आणि सगळ्या पोर्टांचं, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांचं, टायमिंगही सरकतं. गजन पिनही मोजाच. आपल्याकडच्या स्कूटरांत १५ आणि १६ दोन्ही सापडतात.

इथपर्यंत व्हर्नियर पुरतो, कारण प्रश्न ‘कोणता पार्ट’ एवढाच असतो. ‘हाच पार्ट पुन्हा चालेल का’ हे ठरवायला मायक्रोमीटर लागतो. या संचाची खरी उणीव तिथे लक्षात आली. बेअरिंग बसायची जागा बऱ्याच क्रँकवर २५ मिमीची असते. नवी आणि चांगली जागा २५.०० ते २५.०१ च्या दरम्यान असते, म्हणजे बेअरिंग दाबूनच बसतं. आणि ० ते २५ चा मायक्रोमीटर नेमका २५ वर संपतो. जिथे निर्णय घ्यायचा, तिथेच पट्टी संपली. जागा २४.९८ असली तर तो दाखवतो, पण ठीक आहे का जास्त आहे हे सांगत नाही. शेवटी २५ ते ५० चा वेगळा घ्यावा लागला. त्याच्यासोबत २५ मिमीचा सेटिंग रॉड येतो. तो दर वेळी लावून शून्य तपासा, टोकाची फिरकी (रॅचेट) तीन वेळा टकटक करू द्या आणि माप जागेच्या तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्या. झीज बहुधा एका बाजूलाच असते.

२४.९८ आली तर इनर रेस, म्हणजे बेअरिंगची आतली कडी, शाफ्टवर फिरते. अशा जागेवर पंच मारून ती फुगवायची पद्धत अजून सर्रास चालते. पंचाची टोकं काही दिवसांत चेपतात आणि रेस परत फिरायला लागते, शिवाय बेअरिंग वाकडं बसतं ते वेगळंच. हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून घ्या, नाहीतर तो वेब (क्रँकच्या दोन जाड चकत्यांपैकी ती एक) बदला.

बेअरिंग मात्र नंबरावरून ओळखता येतं. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतला व्यास: ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५. हा नियम ०४ पासून पुढे. ०३ त्यात बसत नाही, तो १७. लॅम्ब्रेटाच्या क्लच बाजूला ६३०५ असतं, २५ बाय ६२ बाय १७. पीएक्स घराण्यातही त्या बाजूचं बेअरिंग २५ बाय ६२ चंच, पण रुंदी १२. हे कॅटलॉगमधलं ६३०५ नव्हे. बाहेरून दोन्ही सारखी भासतात, म्हणून रुंदी मोजल्याशिवाय घेऊ नका. एनयू २०५ आणि एनयू २२०५ यांचंही तसंच: दोन्ही २५ बाय ५२, पण एक १५ रुंद आणि दुसरं १८. नंबरापुढे सी-३ (आतली फट जास्त असल्याची खूण) आहे ना, तेही बघा. इनर रेस दाबून बसते आणि गरम होते, तेव्हा साध्या बेअरिंगमधली आतली फट उरत नाही.

आता क्रँकपिन, म्हणजे दोन्ही वेब जोडणारी, जिच्यावर रॉड फिरतो ती पिन. क्रँक बांधून सरळ केल्यावर पिन आणि वेब यांच्यावरून सुईने एक रेघ ओढा. इंजिन चालताना वेब पिळला तर पुढच्या वेळी ती रेघ तुटलेली दिसते. पिनेला दोन मापं असतात, वेबमध्ये दाबली जाणारी आणि रोलर फिरणारी. दोन्ही वेगवेगळी टिपा. वीस-बावीस मिमीची पिन वेबच्या भोकापेक्षा ०.०६ ते ०.१० मिमी जाड हवी, असं आम्ही धरतो. पिन दोन-तीनदा बदलली गेली असेल तर वेबचं भोक मोठं झालेलं असतं आणि स्टँडर्ड पिन प्रेसमध्ये सहज, आवाज न करता सरकते. तसं झालं की तिथेच थांबा. त्या वेबला ओव्हरसाइज पिन हवी. पण भोकाचं माप टेलिस्कोपिक गेजने घेताना हाताच्या जाणिवेवर ०.०१ ते ०.०२ चा फरक पडतो आणि आपला सगळा हिशेब काही शतांशांचा. म्हणून हे एक माप उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून बोअर गेजने घेतलं. क्रँक त्याच्याकडे द्यायचा तो माप घेऊनच, अंदाजाने नाही.

निडल केजवर (पिन आणि रॉड यांच्यामधल्या रोलरांच्या जाळीवर) तीन आकडे असतात: आतला व्यास म्हणजे पिन, बाहेरचा म्हणजे रॉडचं भोक, आणि रुंदी. आकडे पुसले गेले असतील तर एक रोलर मोजा. पिन २० आणि रोलर ३ चा असेल तर रॉडचं भोक २६ असायलाच हवं. रॉड बसल्यावर बाजूची फट फीलरने बघा. आम्ही ०.२५ ते ०.४० ठेवतो. वर-खाली मात्र हाताला काहीच जाणवता कामा नये.

मॅग्नेट जिथे बसतो त्या निमुळत्या टोकावर, म्हणजे टेपरवर, १० मिमी अंतराच्या दोन रेघा मारा आणि दोन्ही ठिकाणी मायक्रोमीटर लावा. तोंड सपाट असल्यामुळे तो टेपरवर कडेनेच टेकतो आणि प्रत्येक माप किंचित जास्त येतं, पण दोन्ही ठिकाणी सारखंच जास्त, त्यामुळे फरक बरोबर मिळतो. १० मिमीत २ मिमी फरक म्हणजे एकास पाचचा टेपर. लॅम्ब्रेटात एलआय आणि जीपी या मॉडेलांचे टेपर वेगळे आहेत, जीपीचा जाड. एकाचा मॅग्नेट दुसऱ्यावर बसवू नका. शंका असेल तर टेपरला ब्लू (खुणेचा निळा रंग) लावून मॅग्नेट हलकेच दाबून काढा. रंग टेपरच्या बहुतेक भागावर सारखा उठायला हवा. फक्त एका टोकाला कडी उमटली तर ती जोडी चुकीची आहे. ओढ टेपर घेतो, चावी फक्त टायमिंगची जागा धरते. टेपर नीट बसला नाही की चावी कापली जाते आणि लोक दर वेळी नुसती चावी बदलत राहतात.

व्हेस्पा घराण्यातल्या रोटरी इंजिनांत आणखी एक गोष्ट जिवाला लागण्यासारखी आहे. तिथे कार्ब्युरेटरमधून येणारं मिश्रण वेबच्या कडेनेच उघडतं आणि बंद होतं. केसिंगमधला पॅड आणि वेब यांच्यात ०.०५ मिमीच्या आसपास फट असते. म्हणजे वेबचा बाहेरचा व्यास, रुंदी आणि खाच हे सगळं व्हॉल्व्हचं काम करतं. अशा वेबवर गंज दिसला म्हणून लेथवर ‘जरा साफ’ करून घेतला की इंजिन थंड असताना सुरू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल परत फेकतं. ही कड लेथला लावूच नका. गंज बारीक स्टील वूल आणि तेलाने हातानेच काढा. लॅम्ब्रेटात मिश्रण पिस्टन सोडतो, तिथे हा त्रास नाही. एलएमएलमध्ये रोटरी आणि रीड (पातळ पट्टीची झडप) दोन्ही आले, म्हणून आधी केसिंगमध्ये पॅड आहे का ते बघा, मगच क्रँक घ्या.

डायल गेज आणि व्ही-ब्लॉक यांनी पैसे वसूल केले. बेअरिंगच्या जागा ब्लॉकवर ठेवून दोन्ही टोकांना डायल लावा आणि हळू फिरवा. ०.०३ च्या आत हवं, ०.०५ च्या वर असेल तर बसवू नका. दोन्ही टोकांचा उंच बिंदू पिनेच्या विरुद्ध बाजूला आला तर तिथे वेब जवळ आलेत, त्यांच्यामध्ये पाचर घाला. पिनेच्या बाजूला आला तर वेब विरुद्ध बाजूला फाकलेत, तिथे व्हाइसमध्ये हलकेच दाबा. एका टोकाचा एकीकडे, दुसऱ्याचा दुसरीकडे आला तर पीळ आहे, वेबच्या कडेवर तांब्याच्या हातोडीचा एक घाव द्या आणि पुन्हा मोजा. घाव एकेकच द्या.

हत्यारांची स्थिती: डिजिटल व्हर्नियरची बॅटरी बंद ठेवूनही उतरते, म्हणून काम झालं की काढून ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये व्ही-ब्लॉकवर बोटांचे ठसे गंजून उठले. तेव्हापासून हलकं मशीन ऑइल लावून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवतो. मायक्रोमीटर उत्तम आहे, पण हातात बराच वेळ धरून किंवा नुकत्याच ग्राइंड केलेल्या गरम पिनेवर माप घेऊ नका. दोन्ही एका तपमानाला आले की मे महिन्याच्या उन्हातही आकडा जुळतो.

हाच संच पुन्हा घ्यायचा झाला तर टेलिस्कोपिक गेज वगळून १८ ते ३५ चा बोअर गेज आणि पहिल्या दिवशीच २५ ते ५० चा मायक्रोमीटर घ्या. सध्या प्रत्येक क्रँकच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवतो: स्ट्रोक, रॉड, गजन पिन, क्रँकपिनची दोन मापं, बेअरिंगच्या जागा, टेपर, वेबची रुंदी. दुकानात तीच दाखवतो.