जलद गाडी की साधी? युरोपातील सीमापार रेल्वेप्रवासाचा काही महिन्यांचा अनुभव

जर्मनीतील मानहाइमहून फ्रान्स आणि इटलीकडे गेले काही महिने मी सतत रेल्वेने जात-येत आहे. कधी इंटररेल पासवर (एकाच पासवर युरोपातील अनेक देशांत रेल्वेने फिरता येते), कधी आगाऊ काढलेल्या सवलतीच्या तिकिटावर. या वापरानंतरचे माझे मत असे आहे की, गाडीचा कमाल वेग पाहून निवड करण्यात फारसा अर्थ नाही. जलद मार्ग नेमका किती अंतराचा आहे आणि आरक्षण सक्तीचे आहे का, हे आधी पाहावे.

पॅरिसचेच घ्या. फ्रँकफर्टहून मानहाइममार्गे जाणारी अतिजलद गाडी फ्रान्सच्या सीमेजवळच्या सारब्रूकेनपर्यंत डोंगराळ भागातील जुन्या, वळणावळणाच्या रुळांवरून बेताच्याच वेगाने जाते आणि ताशी ३२० किलोमीटरचा वेग फ्रान्समधील नव्या मार्गावर लागल्यावरच गाठते. तरीही ती मानहाइमहून साधारण सव्वातीन तासांत पॅरिसला पोहोचवते, म्हणून तिथे मी दुसरा विचार करत नाही. मात्र पास असला तरी या गाडीचे आरक्षण पैसे भरून करावेच लागते आणि पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असल्यामुळे ते लवकर केलेले बरे. हातात वेळ असेल आणि बेत ठरलेला नसेल, तर सीमेलगतच्या फ्रेंच शहरातून, स्ट्रासबुर्गहून, नान्सीमार्गे पॅरिसला जाणारी फ्रान्सची प्रादेशिक गाडी आहे. ती पाच तासांच्या आसपास घेते, पण आरक्षण लागत नाही.

स्वित्झर्लंडच्या बाजूला माझा कल उलट आहे. झ्युरिक–मिलान थेट गाडी २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोटहार्ड तळबोगद्यातून (डोंगराच्या पायथ्याच्या पातळीवरून जाणाऱ्या बोगद्यातून) जाते आणि त्या अवधीत खिडकीतून अंधाराखेरीज काही दिसत नाही. जुन्या डोंगरमार्गावरची साधी गाडी सुमारे तासभर अधिक घेते. पण रूळ डोंगराच्या पोटात वेढे घेत चढत असल्याने वासन गावातील एकच चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसते, आणि १८८२ सालच्या बोगद्यातून पलीकडे उतरताच स्थानकांवरच्या पाट्या इटालियन होतात. थेट गाडीने इटलीत जायचे तर आरक्षण घ्यावे लागते, डोंगरमार्गावरच्या साध्या गाडीला लागत नाही. कामासाठी जाणाऱ्याने अर्थात तळबोगद्याचीच गाडी घ्यावी.

पासचा एक नियम अनेकांच्या लक्षात येत नाही. इंटररेल युरोपातील रहिवाशांसाठी असून आपल्या राहत्या देशात त्यावर फक्त एकदा बाहेर जाण्याचा आणि एकदा परतण्याचा प्रवास करता येतो. पुण्याहून येणाऱ्या माझ्या आई-बाबांना युरेल (युरोपाबाहेरील रहिवाशांसाठीचा तसाच) पास घ्यावा लागतो आणि त्यांना हे बंधन नाही, त्यामुळे जर्मनीत ते माझ्यापेक्षा मोकळेपणाने फिरतात!

सवलतीचे तिकीट स्वस्त असते, पण ते त्याच गाडीला बांधलेले असते. गाड्या बदलत जायचे असेल, तर शक्यतो संपूर्ण प्रवासाचे एकसंध तिकीट काढावे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार पोहोचायला ६० मिनिटे उशीर झाल्यास भाड्याच्या किमान २५ टक्के आणि १२० मिनिटे झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते, मात्र रेल्वेच्या नियंत्रणाबाहेरील काही कारणे त्याला अपवाद आहेत. वेगवेगळी तिकिटे असतील, तर पहिल्या गाडीच्या उशिरामुळे चुकलेल्या दुसऱ्या गाडीची जबाबदारी बहुधा प्रवाशावरच येते.