एबीएस बदलला म्हणून ४२ हजार घेतले, आणि गाडीत जुनाच निघाला

जरा मोठं झालंय पण ज्यांच्या गाडीत पावसाळ्यात मीटरवर एकदम चार-पाच लाईट लागतात त्यांनी पूर्ण वाचा, माझे साडेशेहेचाळीस हजार याच्यातच गेलेत.

गाडी २०१६ ची, डिझेल. गेल्या जुलैत पुण्याहून साताऱ्याला येत होतो, बायको आणि मुलगी सोबत, खंबाटकीला धो धो पाऊस, आणि चढावरच स्पीडोमीटरचा काटा धपकन शून्यावर. गाडी चालतेय पण काटा शून्य, एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम) लाईट, स्टिअरिंगचा लाईट, हँडब्रेकचा लाईट सगळे एकदम लागले आणि स्टिअरिंग जड झालं. घाट संपेपर्यंत जीव मुठीत धरून चालवली, वर आल्यावर दहा मिनिटांनी सगळं आपोआप नीट.

दुसऱ्या दिवशी ओळखीतून कळलेल्या एका गॅरेजला नेली. मोठं गॅरेज, टॅबवाला स्कॅनर. त्याने स्क्रीन माझ्यासमोर धरली, कोड यू०१२१, एबीएसशी संपर्क तुटला. "साहेब एबीएस गेलाय, मी नाही कॉम्प्युटर सांगतोय." आधी सॉफ्टवेअर मारून बघू म्हणून साडेचार हजार घेतले, आठवडाभर गाडी मस्त, पाऊस पडला की परत तेच. मग अख्खं एबीएस युनिट नवीन टाकायचं ठरलं, ४२ हजार, गाडी दोन दिवस ठेवून घेतली. जुना पार्ट मागितला तर म्हणाला तो एक्स्चेंजमध्ये परत जातो. बिल साध्या कागदावर, पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही, पक्कं बिल घेतलं तर अजून वाढतील म्हणाला आणि मी मान डोलावली. तिथेच मी चुकलो.

तीन आठवड्यांनी परत लाईट. आता म्हणे बीसीएम (लाईट, वायपर, लॉक वगैरे सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) पण गेलाय, तो नवीन एबीएसला सिग्नलच देत नाही, २८ हजार लागतील. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि गाडी उचलून कराडला एका वायरिंगवाल्या काकांकडे नेली.

काकांनी स्कॅनर काढलाच नाही आधी. दोनच प्रश्न, कधी होतं आणि बाहेरून काय बसवून घेतलंय. पावसात होतं, आणि वर्षापूर्वी फॉग लॅम्प बसवलेत असं सांगितलं. मग बॅटरीचं टर्मिनल काढून पाच-दहा मिनिटं थांबले आणि स्टिअरिंगखाली जे स्कॅनर लावायचं सॉकेट असतं त्याच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर लावला. ६० ओहम (ओहम म्हणजे वायरीतल्या अडथळ्याचं माप). मला म्हणाले आता बघत राहा, आणि बॉनेटमध्ये एबीएसकडे जाणारा वायरिंगचा गुच्छा हाताने हलवला. मीटरवर ६० चे १२० झाले. सोडला, परत ६०. हलवला, १२०. मी बघतच राहिलो.

त्यांनी समजावलं ते असं, की गाडीतले सगळे मॉड्युल, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, दोन पिळलेल्या वायरींवर एकमेकांशी बोलतात, त्याला कॅन म्हणतात, आणि त्या लाईनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जोडलेले असले की मिळून ६० दिसतात, १२० दिसले म्हणजे एक टोक तुटलं. माझ्या गाडीत ते दुसरं टोक एबीएसमध्ये आहे, आणि मीटरला स्पीडसुद्धा तिकडूनच येतो म्हणून काटा पडत होता. आणि तो कोड एबीएस मेलाय असं म्हणतच नाही, बाकीचे मॉड्युल म्हणतायत की एबीएस उत्तर देत नाही. समोरचा फोन उचलत नाही म्हणजे माणूस गेला असं होत नाही ना, लाईन पण तुटलेली असू शकते. हे त्या गॅरेजवाल्याला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

टेप सोडवली तर फॉग लॅम्पवाल्याने गुच्छा ओढून पत्र्याच्या कडेवर बांधलेला, घासून एका वायरीचं आवरण गेलेलं, आतलं तांबं हिरवंगार, दोन-तीन तारांवर टिकून होतं. तेवढा तुकडा कापून नवीन जोडला, सोल्डर, वर स्लीव्ह, दोन्ही वायरी परत पिळून घेतल्या. ९०० रुपये घेतले.

खरी गोष्ट पुढे आहे. काकांनी बॅटरी टॉर्चने एबीएस युनिट दाखवलं आणि विचारलं, हे नवीन कोण म्हणालं? त्यावर वर्षानुवर्षांची धूळ तेलात बसून काळी झालेली, बोल्टवर आणि ब्रेकच्या पाईपांच्या नटांवर कंपनीचा पिवळ्या रंगाचा ठिपका अखंड, पाना लागल्याची खूण नाही. अख्खं युनिट बदललं तर ते पाईप सोडवावेच लागतात, हवा काढून नवीन ब्रेक ऑइल भरावं लागतं, माझं ऑइल काळपट, जुनंच. म्हणजे दोन दिवस गाडी नुसती उभी होती. पैशापेक्षा याचा संताप येतो की नवीन एबीएस आहे या भरवशावर मी पोरीला घेऊन तीन आठवडे पावसात फिरलो.

त्यामुळे कोणी यू ने सुरू होणारा कोड दाखवून मॉड्युल बदलायला सांगितलं तर आधी विचारा, ६ आणि १४ वर किती ओहम आले, मॉड्युलला प्लस आणि अर्थ नीट मिळतोय का, कनेक्टर उघडून बघितला का. उत्तर टाळलं तर गाडी काढून घ्या. बदलायच्या आधी जुन्या पार्टच्या स्टिकरचा फोटो काढा, जुना पार्ट मागा, पार्ट नंबरसकट जीएसटीचं बिल घ्या.

मी ते ठिपक्यांचे फोटो आणि काकांचं बिल घेऊन गॅरेजला गेलो, तर मालक म्हणाला तुम्हीच जुना परत बसवला असेल. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार केली, त्यावर त्याने काही उत्तर दिलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय, पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही. पैसे यूपीआयने दिले होते तेवढाच पुरावा हातात आहे. गाडीला त्यानंतर एकदाही लाईट लागलेला नाही, मागच्या आठवड्यात भर पावसात महाबळेश्वरला जाऊन आलो.