बँकॉकमध्ये कुणी ‘राजवाडा आज बंद आहे’ म्हणालं तर

बँकॉकचा ग्रँड पॅलेस, म्हणजे तिथला जुना राजवाडा, जवळजवळ रोज उघडा असतो. तिकीटखिडकी सकाळी ८.३० ला उघडते आणि दुपारी ३.३० ला बंद होते. परदेशी पर्यटकाला तिकीट ५०० बाट (थायलंडचं चलन). राजघराण्याचा समारंभ असला तर क्वचित बंद ठेवतात, पण तसं राजवाड्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. रस्त्यात भेटलेल्या माणसाने ‘आज बंद आहे’ म्हटलं, तर ते खोटं समजा. आमच्या घरातले दीड लाख रुपये या एका वाक्यापासून गेले.

मी, हे, भाऊजी आणि जाऊबाई असे आम्ही चौघं होतो. सनाम चाय मेट्रो स्टेशनला उतरून आधी ‘वाट फो’ या देवळातला ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध पाहिला आणि राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालत निघालो. ही भिंत लांबच लांब आहे, आणि पर्यटकांना आत सोडतात ते दार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. दक्षिणेकडून येणाऱ्याला आधी दिसतात ती बंद दारंच. ठग नेमके तिथे उभे असतात.

आम्हाला भेटलेला माणूस इस्त्रीच्या शर्टात होता, गळ्यात ओळखपत्र होतं. आत भिक्षूंची पूजा चालू आहे, एक वाजता उघडेल, तोवर ‘लकी बुद्धा’चं देऊळ पाहून या, म्हणाला. आमच्याच नकाशावर त्याने खुणा केल्या, टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, थांबवली आणि चौघांचे मिळून ४० बाट ठरवून दिले. एवढ्या कमी पैशांत बँकॉकमध्ये कुणी तासभर फिरवत नाही. उरलेलं भाडं टुकटुकवाल्याला दुकानाकडून मिळतं, पेट्रोलच्या कुपनात किंवा कमिशनमध्ये.

देऊळ छोटं होतं, निवांत होतं. तिथे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी आम्हाला काहीही विकायचा प्रयत्न केला नाही. मुलांची चौकशी केली, स्वतः शिक्षक असल्याचं सांगितलं आणि बोलता बोलता म्हणाले, सरकारी रत्नविक्रीचा आज शेवटचा दिवस, कर माफ आहे, मीही दरवर्षी घेतो. पुढे टुकटुक थांबली ती त्याच दुकानासमोर. गार पाणी आलं, ट्रे उघडले. भाऊजींची साडेसाती चालू आहे हे विक्रेत्याने गप्पांतून काढून घेतलं, आणि भारतात शनीसाठी नीलम घालतात हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. तुमच्याकडचा सराफ याची दुप्पट किंमत देईल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. भाऊजींनी कार्डावर दोन खडे घेतले.

मुंबईत रत्नपरीक्षण करून घेतलं. नीलम खरे निघाले, पण हलक्या प्रतीचे, तापवून रंग खुलवलेले. झवेरी बाजारात वीस हजारांच्या वर कुणी जाईना. या फसवणुकीतली सगळ्यांत कठीण गोष्ट हीच आहे. काच निघाली असती तर गुन्हा सरळ दिसला असता. इथे माल खरा, पावती खरी आणि किंमत गिऱ्हाइकाने मान्य केलेली. भाऊजींनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पासपोर्ट काढला होता, आणि आता ते त्या प्रवासाचे फोटोसुद्धा बघत नाहीत. मला राग येतो तो याचा.

ओळखपत्रवाला, टुकटुकवाला आणि देवळातले गृहस्थ एकमेकांना ओळखत नाहीत, असं आपण धरून चालतो. तीन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगतात, म्हणून ती खरी वाटते. पण ती तिघंही एकाच साखळीतली असतात. थायलंडचं सरकार रत्नांचा सेल भरवत नाही, आणि कुठलंही रत्नांचं दुकान सरकारी नाही. करमाफीचा ‘शेवटचा दिवस’सुद्धा नसतो. तिथला ७ टक्के व्हॅट पर्यटकांना काही अटींवर वर्षभर परत मागता येतो; दुकान त्या योजनेतलं हवं आणि विमानतळावर अर्ज दाखवावा लागतो.

राजवाड्याला जायचं तर साथोर्न धक्क्यावरून चाओ फ्राया नदीतली बोट घेऊन ‘ता चांग’ धक्क्यावर उतरा. तिथून ना फ्रा लान रस्ता लगेच लागतो, भिंतीला वळसा पडत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, म्हणजे कपड्यांवरून अडवून दुसरीकडे नेणाऱ्यांनाही संधी मिळत नाही. वाटेत कुणी थांबवलंच तर थांबू नका, तिकीटखिडकीपर्यंत चालत जा आणि उघडं की बंद ते स्वतः पाहा.

आणि खरेदी होऊन गेलीच असेल, तर विमानात बसण्याआधी हालचाल करा. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलता येतं. दुकान पैसे परत करतं ते गिऱ्हाईक तिथे समोर उभं असताना, पोलिसांसमक्ष. घरी पोचल्यावर ईमेलला उत्तर येत नाही, आम्हाला आलं नाही. खडे पोस्टाने घरी पाठवतो असं दुकानवाला म्हणाला तर तसं करू देऊ नका, पावती आणि दुकानाच्या पाटीचा फोटो जवळ ठेवा. कार्डाने पैसे दिले असतील तर त्याच दिवशी बँकेला फोन करून व्यवहाराविरुद्ध लेखी तक्रार नोंदवा. भाऊजींची तक्रार बँकेकडे आहे, निकाल अजून लागायचा आहे.